कालव्याच्या सरळ वाटेवर पक्षी-प्राणी पाहायचे कसे?

पुण्यात कालव्याकाठी सकाळी चालणाऱ्यांच्या गळ्यात हल्ली दुर्बीणही दिसू लागली आहे. तीन-चार किलोमीटर चालून हाती लागतं काय, तर बगळे, कावळे, पारवे आणि एखादी घार. मग ‘कालव्यावर आता काही उरलं नाही’ असं म्हणत मंडळी पुढच्या रविवारी उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला जातात. चूक जागेची नसते. व्यायामाला चालतो त्याच चालीने निरीक्षणाला चालणं, ही चूक असते.

कालव्याचा काठ डोंगरवाटेसारखा नाही. पाणी आपल्या उताराने वाहावं म्हणून तो जवळजवळ सपाट आखलेला असतो: सखल जागी भराव, उंचवटा आला की खोदकाम, ओढा आडवा आला की त्याचं पाणी खालून नेणारी मोरी. परदेशात बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ उचलून फिरण्याच्या वाटा करतात, त्यांची घडणही अशीच असते, म्हणून खालची पद्धत तिकडेही तशीच चालते. अशा वाटेवर पक्षी-प्राणी सगळीकडे सारखे विखुरलेले नसतात. भराव संपून खोदकाम सुरू होतं तिथे, मोरीपाशी, काठाला मोठं झाड टेकतं तिथे ते गोळा होतात. हे सांधे शोधायचे आणि तिथे उभं राहायचं. मधलं अंतर फक्त पार करायचं.

इशारा: ‘रेल्वेची वाट’ म्हणून चालू रुळांच्या कडेने कधीही फिरू नका. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे. शिवाय लक्ष पक्ष्यावर असताना मागून येणारी गाडी कळत नाही.

## टप्पा १: दीड किलोमीटरचा तुकडा निवडा

मुठा उजवा कालवा खडकवासल्याहून निघतो, पर्वतीच्या पायथ्याने स्वारगेटजवळून हडपसरकडे आणि पुढे लोणी काळभोरच्या बाजूला जातो. एवढा लांब कालवा आहे म्हणून एवढं चालायचं नाही. एका सकाळी दीड किलोमीटर पुरे. त्याहून लांब तुकडा घेतला की थांबणं कमी होतं, आणि थांबणं कमी झालं की पुन्हा बगळे आणि कावळेच दिसतात.

तुकडा निवडताना चार गोष्टी पाहा. निदान दोन मोऱ्या किंवा पूल असावेत. एक तरी भाग भरावाचा असावा. कुठेतरी काँक्रीटऐवजी मातीचा उघडा काठ शिल्लक असावा. आणि लोकांची रोजची वहिवाट असावी. दोन्ही बाजूंनी उंच भिंती असलेला भाग टाळा. तिथे पक्षी असतात, पण फक्त वरच्या फांद्यांवर.

कालवा जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो. सेवा रस्त्याचं फाटक बंद असेल तर आत शिरू नका. पाटकरी, म्हणजे कालव्याच्या पाण्यावर देखरेख करणारा माणूस, भेटला तर त्याच्याशी दोन मिनिटं बोला. पाणी कधी सुटणार, कधी बंद होणार, धामण कुठल्या दगडांत राहते, हे त्याच्याइतकं नेमकं दुसरं कोणी सांगत नाही.

इशारा: काँक्रीटचं अस्तर केलेल्या उतारावर शेवाळं असतं. पाणी चालू असताना पाय घसरला तर धरायला काहीच सापडत नाही आणि पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. दुर्बीण डोळ्यांना असेल तेव्हा काठापासून दोन मीटर मागे राहा. लहान मुलं बरोबर असतील तर कठडा असलेलाच भाग निवडा.

## टप्पा २: आधी एकदा दुर्बिणीशिवाय चाला आणि थांबे ठरवा

ही फेरी दुपारी केली तरी चालते. वही, पेन्सिल आणि मोबाइलवरचा उपग्रह नकाशा एवढंच घ्या. बहुतेक लोक हा टप्पा गाळतात आणि मग सकाळचा सगळ्यात चांगला वेळ ‘कुठे उभं राहू’ यात घालवतात.

भराव. इथे तुम्ही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असता. खालच्या बाभळी-करंजांचे शेंडे तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. एरवी मान मोडून पाहावे लागणारे सुभग, शिंजीर, तांबट, ठिपकेदार नाचण इथे समोरासमोर दिसतात. अडचण अशी की तुम्हीही तितकेच दिसता. मोकळ्या आभाळापुढे उभ्या असलेल्या माणसाची काळी आकृती पक्ष्याला फार लांबून कळते. म्हणून भरावावरचा थांबा नेहमी झाडाच्या बुंध्याला किंवा झुडपाला पाठ लावून घ्या. आकृती मोडली की पक्षी दुर्लक्ष करतात.

खोदीव भाग. दोन्ही बाजूंना मातीचा उभा काप असतो. त्यात बिळं दिसतात आणि सगळे ती उंदराची समजतात. खंड्या आणि वेडा राघू दोघेही अशाच उभ्या मातीत आडवं बीळ खणून अंडी घालतात. बीळ वापरात आहे का, हे जवळ न जाता ओळखता येतं. तोंडाशी ताजी भुसभुशीत माती असेल, कडा घासून गुळगुळीत झाल्या असतील, खाली विष्ठेचे पांढरे ओघळ असतील तर आत कोणीतरी आहे. तोंडावर कोळ्याचं अखंड जाळं असेल तर बीळ रिकामं. वापरातल्या बिळापासून निदान वीस मीटर दूर थांबा घ्या आणि बिळाच्या सरळ समोर उभे राहू नका. चोचीत सरडा धरून आलेला खंड्या तुम्ही समोर असाल तर आत जात नाही. तारेवर बसून वाट पाहत राहतो आणि आत पिल्लं उपाशी राहतात.

मोरी. माझ्या मते कालव्यावरची सगळ्यात भरवशाची जागा हीच. ओढा कालव्याखालून जातो आणि ओढ्याच्या आडोशाने फिरणारं सगळं त्याच वाटेने जातं: मुंगूस, उदमांजर, दिवड हा पाणसाप, कधी घोरपड. कठड्यावर धोबी पक्षी शेपटी हलवत फिरतो, खालच्या गाळात वंचक हा मातकट बगळा दगडासारखा उभा असतो. थांबा मोरीच्या डोक्यावर घेऊ नका. पंधरा-वीस पावलं अलीकडे, जिथून ओढ्याचं एक तोंड तिरकं दिसतं, तिथे घ्या.

मोठी झाडं. वड, पिंपळ, उंबर कुठे आहेत ते नकाशावर टाका आणि फळं कधी पिकतात ते लिहीत जा. फळ नसलेल्या वडाखाली तासभर उभं राहून काही मिळत नाही. फळलेल्या वडावर राखी धनेश, तांबट, कोकीळ आणि नशीब असेल तर आपला राज्यपक्षी हरियाल एकाच सकाळी दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हीच गोष्ट काटेसावर, पळस आणि पांगाऱ्याची. मध प्यायला भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे येतात.

या सगळ्यांतून सहा थांबे निवडा, त्यांना १ ते ६ क्रमांक द्या आणि कायम तेच ठेवा.

तपासणी: प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं एका जागी उभं राहता येईल का? सायकली, दुचाकी अंगावरून जात असतील, पायाखाली उंच गवत असेल किंवा कचरा पेटवत असतील तर थांबा वीस मीटर सरकवा.

इशारा: पुलाच्या आणि जलसेतूच्या कमानीखाली वर पाहा. काळसर, अर्धगोल, लोंबणारं एकच मोठं पोळं म्हणजे आग्या मोहोळ. त्याच्या खाली किंवा जवळ थांबा घेऊ नका, उग्र अत्तर लावून जाऊ नका. माश्या उठल्याच तर तोंड आणि मान झाकून सरळ लांब पळा आणि बंद गाडीत किंवा घरात शिरा. हात झटकू नका. पाण्यात उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि खाली कालवा आहे.

## टप्पा ३: वेळ, ऊन आणि पाणी जुळवा

पुण्यात सूर्योदय मेअखेरीस सहाच्या जरा आधी होतो, तर जानेवारीत सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. ‘सकाळी सहाला भेटू’ हा बारमाही नियम म्हणून चुकीचा आहे: जानेवारीत अंधारात उभं राहावं लागतं आणि मेमध्ये सात वाजता पोहोचणाऱ्याचा पहिला तास गेलेला असतो. सूर्योदयानंतर पंधरा मिनिटांनी पहिल्या थांब्यावर असा. पहिले दोन तास उत्तम. संध्याकाळी सूर्यास्ताआधीचा दीड तास. सरडे, घोरपड आणि फुलपाखरं मात्र ऊन तापल्यावर, नऊनंतर निघतात. त्यांच्यासाठी वेगळी फेरी ठेवा.

दिशा. कालवा ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. म्हणजे सकाळी पूर्वेच्या टोकाने सुरुवात करून खडकवासल्याच्या दिशेने चाललात तर ऊन पाठीशी राहतं आणि पक्ष्याचे रंग दिसतात. उलट चाललात तर समोर फक्त काळ्या सावल्या. संध्याकाळी दिशा उलटी करा. ‘कुठला पक्षी होता, काळा वाटला’ ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या दिशेमुळेच असते.

काठ. दोन्ही काठांवर वाट असेल तर हिवाळ्यात दक्षिणेकडचा काठ घ्या. त्या दिवसांत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो आणि समोरचा काठ उजळलेला मिळतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात सूर्य माध्यान्हीलाही माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उगवतो ईशान्येकडे. तेव्हा सकाळी उत्तरेचा काठ बरा.

पाणी. आवर्तन, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याची पाळी, सुरू असताना कालवा काठोकाठ वाहतो. त्या दिवसांत पाण्यातलं फारसं काही दिसणार नाही, झाडांकडे लक्ष द्या. आवर्तन बंद झालं की पाणी उतरतं, तळाला डबकी राहतात आणि त्यांत मासे अडकतात. मग वंचक, छोटे बगळे, राखी बगळा आणि खंड्याचे भाऊबंद बंड्या, धीवर सगळे एकाच डबक्याभोवती जमतात. हे दिवस थोडेच असतात, डबकं आटेपर्यंत. म्हणून पाटकऱ्याची ओळख ठेवायची.

पावसाळ्यात कालवा सोडू नका. जूनच्या आसपास चातक येतो आणि सुगरणी काठावरच्या बाभळीला घरटी विणू लागतात. फक्त छत्री नको, ती उघडल्याबरोबर सगळं उडतं. गडद रंगाचं, अंगाला बसणारं रेनकोटचं जाकीट घाला.

## टप्पा ४: दुर्बीण घरीच डोळ्यांना बसवून घ्या

कालव्यावर येऊन दुर्बिणीशी झटापट करणारे पुष्कळ दिसतात. दहापैकी सात-आठ वेळा दुर्बीण चांगली असते, बसवलेली नसते. ८×४२ मापाची दुर्बीण या वाटेला सर्वांत योग्य. ८ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बारा-सोळा पट मोठं करणारी दुर्बीण हातात थरथरते आणि कालव्याच्या अंतराला तिची गरजही नाही.

क्रम असा:

१. चष्मा लावत असाल तर डोळ्यांकडची रबरी कडी पूर्ण आत दाबा, नसाल तर बाहेर काढा. चष्मा असून कडी बाहेर ठेवली की चित्र किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखं दिसतं.

२. दोन नळ्या मधल्या बिजागरीवर कमी-जास्त करा, दोन गोलांचा एकच गोल दिसेपर्यंत.

३. पन्नासेक मीटरवरची ठळक अक्षरांची पाटी निवडा. उजव्या नळीचं पुढचं भिंग तळहाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा.

४. आता डावी नळी झाका. मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्यापाशी असलेली छोटी कडी फिरवून अक्षरं स्पष्ट करा. काही दुर्बिणींत ही कडी दुसरीकडे असते, तिच्यावर अधिक-उण्याच्या खुणा असतात.

५. त्या कडीची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

घरातल्या चौघांत एकच दुर्बीण असेल तर चौघांच्या खुणा वेगळ्या असतील. दुसऱ्याच्या हातून परत आली की आधी खूण पाहा.

तपासणी: पाचेक मिनिटं पाहून डोळे दुखले किंवा डोकं जड झालं तर पायरी २ ते ४ पुन्हा करा. ‘सवय होईल’ म्हणून चालवून नेऊ नका.

बाकी सामान थोडकं. मातकट किंवा हिरवट पूर्ण बाह्यांचा शर्ट (डासांसाठीही), टोपी, घोटा झाकणारे बूट, लिटरभर पाणी, छोटी वही, पेन्सिल. शाईचं पेन दवात आणि पावसात फसवतं. पांढरा, लाल आणि चकाकणारा पोपटी रंग घरी ठेवा. नेमके हेच रंग व्यायामाच्या कपड्यांत असतात. पिशवीत खाऊ असेल तर बंद डब्यात, नाहीतर भटकी कुत्री मागे लागतात. कुत्री भुंकत आली तर पळू नका, नजर न भिडवता तिरके चालत निघा. स्वतःचं कुत्रं आणू नका.

## टप्पा ५: चालण्याची रीत

सहा थांबे गुणिले दहा मिनिटं म्हणजे एक तास. दीड किलोमीटर ताशी दोन किलोमीटरच्या चालीने म्हणजे पाऊण तास. एकूण पावणेदोन तास. ताशी दोन ही चाल शरीराला विचित्र वाटते. वीस पावलं चाला, थांबा, एकदा मागे वळून पाहा, पुन्हा वीस पावलं. मागे पाहणं महत्त्वाचं आहे. तुम्ही पुढे गेल्यावर मुंगूस वाट ओलांडतं ते मागेच.

सरळ वाटेवर नजर आपोआप टोकाकडे जाते, तिथे अर्ध्या किलोमीटरवर ठिपक्यासारखं काहीतरी हलत असतं आणि आपण त्याच्याकडे पाहत पायाजवळचं चुकवतो. नजर तीस मीटरच्या आत ठेवा: डावी कड, पाण्याची रेघ, उजवी कड, मग वर.

चौघांहून अधिक जण नकोत. एकामागे एक चाला, शेजारी शेजारी नको. बोलायचं तर कुजबुजू नका. कुजबुजीचा ‘स्स’ आवाज पक्ष्यांना अधिक खटकतो. खालच्या पट्टीत साधं बोला. बोट दाखवायला हात झटकन वर नेऊ नका, घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगा: ‘बाभूळ, दहाचा काटा, दुसरी फांदी.’

## टप्पा ६: थांब्यावरची दहा मिनिटं

पहिली दोन मिनिटं दुर्बीण गळ्यातच राहू द्या. तुम्ही आल्यामुळे जे गप्प झालं ते परत बोलू लागायला एवढा वेळ लागतो. नेमक्या याच दोन मिनिटांत बरेच लोक ‘इथे काही नाही’ म्हणून पुढे जातात.

पुढची तीन मिनिटं पाण्याची रेघ, डावीकडून उजवीकडे, साध्या डोळ्यांनी. वंचक असाच सापडतो. चिखलाच्या रंगाचा, मान आत ओढलेला, तुम्ही त्याला तीनदा ओलांडून गेलेले असता. मग एखादा ‘ढेकूळ’ किंचित पुढे झुकतो, मान न कळेल अशी लांब होत जाते, होत जाते, आणि पाण्यात एक टोचा. तो उडाला की दोन पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि बसला की पुन्हा चिखल.

त्यानंतर तीन मिनिटं झाडं: बुंधा, ढोली, मग फांद्या, शेवटी शेंडा. ढोलीच्या तोंडाशी दोन पिवळे डोळे आणि खालीवर होणारं डोकं दिसलं तर तो पिंगळा. डोकं हलवणं म्हणजे तुम्ही त्याला खटकत आहात. तसंच मागे सरका.

शेवटची दोन मिनिटं आभाळ आणि तुमच्या मागची बाजू.

पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून काढू नका. नजर तशीच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. दुर्बिणीत खाली पाहून मग पक्षी शोधायला गेलात तर तो सापडणार नाही. नवख्यांनी घरी खिडकीतून कावळ्यावर पन्नास वेळा याचा सराव करावा.

इशारा: मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत नर ती हाक प्रतिस्पर्ध्याची समजतो, घरटं सोडून भांडायला येतो. पिंगळ्यावर फ्लॅश मारू नका. पाव, फरसाण, मांसाचे तुकडे टाकू नका. त्याने कावळे, घारी आणि कुत्री वाढतात आणि थांबा निकामी होतो.

## टप्पा ७: नेहमी चुकणाऱ्या ओळखी

गायबगळा आणि छोटा बगळा: चोच पाहा. पिवळी असेल तर गायबगळा. काळी असेल आणि उडताना काळ्या पायांना पिवळे पंजे दिसले तर छोटा बगळा.

तीन खंड्ये: तपकिरी डोकं, पांढरा गळा आणि लाल चोच असलेला मोठा तो खंड्या, तो पाण्यापासून लांबही सापडतो, कारण सरडे आणि किडे खातो. चिमणीएवढा, पाण्यालगत खाली बसणारा तो धीवर. काळा-पांढरा, पाण्यावर एका जागी फडफडत तरंगणारा तो बंड्या.

पोटाकडे पिवळा आणि लांब शेपटीचा करडा धोबी हिवाळी पाहुणा आहे. काळ्या डोक्याचा, ठसठशीत पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी बारा महिने इथेच असतो. कोकिळेची मादी काळी नसते. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असतात आणि दरवर्षी कोणीतरी तिला ‘नवा पक्षी’ म्हणून नोंदवतं.

आवाजावरून ओळखताना कोतवालापासून सावध. तो शिक्रा या शिकारी पक्ष्याची हुबेहूब नक्कल करतो. मर्लिनसारखं ॲप आवाजावरून नाव सुचवतं, त्याला सुचवणीच समजा आणि डोळ्यांनी पाहिल्यावरच पक्कं नाव लिहा.

प्राण्यांच्या ओळखी गाळात सापडतात. पाणी उतरल्यावर मोरीच्या तोंडाशी ओल्या चिखलात पाहा: चार बोटं आणि नखांच्या खुणा म्हणजे कुत्रं, चार बोटं आणि नखं नाहीत म्हणजे मांजर, पाच बारीक बोटं आणि पुढे नखांचे ठिपके म्हणजे बहुधा मुंगूस. कठड्यावर किंवा उघड्या दगडावर बियांनी भरलेली विष्ठा असेल तर रात्री उदमांजर येऊन गेलं. फोटो घेताना शेजारी पेन्सिल ठेवा, नाहीतर आकार कळत नाही.

## टप्पा ८: टिटवी, साप आणि जखमी जीव

उन्हाळ्यात टिटवी वाटेलगतच्या खडीत, उघड्यावर, साधारण चार अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत झेपावू लागली की अंडी जवळ आहेत. पुढे पाऊल टाकण्याआधी खाली पाहा, कारण अंडी खडीसारखीच दिसतात, मग आलात त्याच पावलांवर मागे फिरा. मेच्या उन्हात टिटवी पोट पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर उभी राहून ती थंड ठेवते. तुम्ही ‘छान फोटो’साठी दहा मिनिटं तिथे थांबलात तर उघड्या अंड्यांतला जीव भाजून मरू शकतो. त्या दिवशी तो थांबा गाळा आणि घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

दोन लांब साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसले की लोक ‘नाग-नागिणीची जोडी’ म्हणून गर्दी करतात. बहुतेक वेळा ते धामणीचे दोन नर असतात आणि ते झुंजत असतात. पण काठावर नाग, घोणस आणि मण्यारही राहतात, म्हणून ओळख पटो न पटो, तीन मीटरचं अंतर ठेवा. मोरीच्या दगडांत हात घालू नका. अंधारात विजेरीशिवाय चालू नका. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांपैकी काहीही न करता तो हात किंवा पाय स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळणाऱ्या रुग्णालयात जा. साप पकडून न्यायची गरज नसते.

मांजात अडकलेला किंवा जखमी पक्षी सापडला तर त्याला हवेची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरी ठेवून वाढवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे आणि आपला पोपटही त्यात येतो.

घरट्यातून पडलेलं पिल्लू मात्र वेगळं. अंगभर पिसं असून उडता येत नसेल तर ते उडायला शिकतंय, आई-बाप जवळच असतात. कुत्र्या-मांजरापासून वाचेल अशा जवळच्या फांदीवर ठेवा आणि निघा.

## टप्पा ९: नोंद

नोंद थांब्यावरच करा, घरी आल्यावर नाही. तारीख, सुरुवातीची वेळ, थांबा क्रमांक, पाणी चालू की बंद, आणि मग जात आणि संख्या. संख्या मोजता येत नसेल तर ‘खूप’ लिहू नका. दहाचा एक गठ्ठा नजरेने मोजा, असे किती गठ्ठे आहेत ते पाहा.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर एक चूक हमखास होते. दीड किलोमीटर जाऊन त्याच वाटेने परत आलात तर अंतर तीन नव्हे, दीडच लिहायचं, आणि परतताना दिसलेले तेच पक्षी पुन्हा मोजायचे नाहीत. न दिसलेल्याचीही नोंद ठेवा. ‘थांबा ४, मोरी, दहा मिनिटं, काही नाही’ ही पूर्ण नोंद आहे.

महिन्यातून दोनदा, त्याच तुकड्यावर, त्याच सहा थांब्यांवर जा. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात करडा धोबी मोरीच्या कठड्यावर पहिल्यांदा दिसेल, ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मार्च-एप्रिलमध्ये तो शेवटचा दिसेल, ती तिच्या शेजारी. पुढच्या ऑगस्टमध्ये त्या तारखेच्या आठवडाभर आधीपासून थांबा ४ वर पाच मिनिटं जास्त उभे राहा.